काणुम पोंगलला घरी कोण कोण आलं?

साल १८८८, महिना जानेवारी, संक्रांतीचा आठवडा. तुम्ही मद्रासच्या मायलापुरात, कपालीश्वराच्या तळ्याच्या काठावर उभे आहात. चहूकडे तमिळ चाललं आहे: फुलवाल्या बायका, उसाच्या मोळ्या घेऊन बसलेले शेतकरी, देवळाकडे निघालेली माणसं. एवढ्यात पागोटं घातलेले दोन गृहस्थ बोलत बोलत तुमच्या शेजारून जातात आणि तुमचे कान टवकारतात. ते मराठीत बोलत आहेत. हेल तमिळचा आहे, मधूनच एखादा तमिळ शब्द येतो, काही शब्द तर तुम्ही फक्त बखरींत वाचलेले. तरी बोलण्याचा आशय कळतो. कुणाची तरी मुलगी लग्नानंतरच्या पहिल्या सणाला माहेरी आली आहे. कुणाच्या तरी मुलाला म्हैसूरच्या दरबारात नोकरी लागली आहे.

त्यांच्या मागोमाग चला. दारापुढच्या ओट्यावर, इथे ज्याला तिण्णै म्हणतात तिथे, घरातले वडीलधारे बसले आहेत आणि त्यांच्या पुढ्यात टपाल आहे. पाव आण्याची पोस्टकार्डं. १८७९ साली ती सुरू झाली आणि या घराला नवे हातपाय फुटले. एक कार्ड तिरुवनंतपुरमचं, एक इंदूरचं, एक बडोद्याचं. काही मोडीत, काही इंग्रजीत. वडीलधारे एकेक उचलतात, आधी मनात वाचतात आणि मग मोठ्याने. काय वाचायचं आणि काय गाळायचं हे त्या मधल्या क्षणात ठरतं.

एकाच घरातली माणसं इतक्या गावांना का पांगली? शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, त्यांच्यासोबत आणि त्यांच्यामागून शेकडो मराठी कुटुंबं कावेरीकाठी आली. कारकून, शास्त्री, शिलेदार, कीर्तनकार. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी मुलगा नसताना वारले, कंपनी सरकारने राज्य खालसा केलं आणि दरबारावर पोट असलेली घरं उघडी पडली. ज्यांना इंग्रजी येत होतं ते मद्रासला आले, संस्थानांच्या नोकऱ्यांत शिरले. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्यांच्यातले सगळ्यात नावाजलेले. त्यांच्या नावातला ‘टी’ तंजावरचा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद सांभाळून ते आता मायलापुरातच राहतात. दोनच आठवड्यांपूर्वी मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन झालं, त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. मुंबईकडची माणसं त्या निमित्ताने येऊन गेली. त्यामुळे या संक्रांतीला ओट्यावर महाराष्ट्राच्या बातम्याही ताज्या आहेत.

पण ऐकत राहा, कारण बोलणं लवकरच घरच्या दुखऱ्या जागेवर येतं. माधवरावांचे चुलत भाऊ आर. रघुनाथराव विधवांच्या पुनर्विवाहाचा उघड पुरस्कार करतात. या घरातही एक बालविधवा पोर आहे. तिचं नाव ओट्यावर कुणी घेत नाही. आत, माजघरात मात्र पहिल्या सणाला आलेली मुलगी तिच्या शेजारी बसली आहे, आणि सासरच्या गावची, टपालात कधीच न येणारी हकीकत हळूहळू सांगते आहे. कोण गरोदर आहे, कोणाला नवरा मारतो, कोणत्या मावशीचं दिसणं कमी झालंय. पुरुषांच्या बातम्या टपालाने येतात, बायकांच्या बातम्या बायकाच सणाला घेऊन येतात. पुढच्या सव्वाशे वर्षांत पत्रं विरळ होतील, तार जाईल, ही दुसरी वाट टिकेल.

निघण्यापूर्वी ओट्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थांचं ऐका. ते पोरांना तंजावरच्या मोठ्या देवळाची गोष्ट सांगत आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा अख्खा वृत्तांत मराठीत कोरून घेतला. कोण कुणाचा मुलगा, कुणी कोणती लढाई केली, कुणाचं कुणाशी लग्न झालं, सगळं दगडावर. राजाला दगड परवडतो. बाकीच्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

आता ८१ वर्षं पुढे या.

१६ जानेवारी १९६९, गुरुवार, सकाळचे नऊ. तुम्ही ट्रिप्लिकेनला, पार्थसारथीच्या देवळामागच्या एका गल्लीत आहात. परवा, पोंगलच्या म्हणजे तमिळ संक्रांतीच्या दिवशी, मद्रास राज्याचं नाव अधिकृतपणे ‘तमिळनाडू’ झालं. मुख्यमंत्री अण्णादुराई फार आजारी आहेत; ३ फेब्रुवारीला ते जातील आणि हे शहर रस्त्यावर येऊन रडेल. सोमवारी भोगीला पहाटे दारोदारी जुन्या चटया आणि केरसुण्या जाळल्या, त्याचे काळे डाग रस्त्यावर अजून आहेत. मंगळवारी नव्या तांदळाचं दूध उतू गेलं. काल गुरांचा दिवस झाला. आज काणुम पोंगल. आज माणसांना भेटायचं.

दार उघडंच आहे. आत जा. उंबरठ्यावरच एक बाई तुम्हाला अडवतात. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, कानात हिऱ्याच्या कुड्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात.

“कुणापैकी तुम्ही?”

पुण्याहून आलो, असं सांगून भागत नाही. गोत्र विचारलं जातं, आईचं माहेर विचारलं जातं. या घरांत आडनावं वापरातून गेली आहेत. नावापुढे राव आणि नावामागे गावाचं आणि वडिलांचं अक्षर, एवढंच उरलंय. त्यामुळे माणूस ओळखायचा तो नात्याने आणि गावाने: कुंभकोणमची मावशी, बेंगळूरुचे अण्णा, तिरुवनंतपुरमच्या वहिनी. आक्का डोळे मिटून हिशेब करतात, तुमच्या आजीच्या गोत्रापाशी थांबतात आणि म्हणतात, “मग आमचेच की. या, पान वाढलंय.”

चिंचभात, नारळीभात, लिंबूभात, दहीभात. वर तळलेले सांडगे. जेवण होईपर्यंत घर भरतं. तांबरमहून येतात, माम्बलमहून येतात, एक कुटुंब तर रात्रभर मीटर गेजच्या गाडीत बसून तंजावरहून एग्मोरला पहाटे उतरलंय. लहान मुलं ओळीने वाकून नमस्कार करतात आणि प्रत्येक नमस्काराला एक नाणं मिळतं. नाणं देताना आक्का मुलाला फक्त एक गोष्ट विचारतात: “मी तुझी कोण?” उत्तर चुकलं तरी नाणं मिळतं, पण बरोबर उत्तर पाठ करूनच जावं लागतं.

जेवणानंतर आक्का भिंतीवरची तार काढतात. लाकडी चकतीवर उभी केलेली, टोकाला वाकवलेली लोखंडी तार, तिला वर्षभराची पत्रं टोचलेली. आठ वर्षांची एक नात ती धरून बसते. त्या तारेकडे जरा जवळून बघा. खाली जुनी पत्रं, वर नवी. ज्यांच्या कोपऱ्यांना हळद लागली आहे ती लग्नाची. कोपरा फाडलेलं एकही कार्ड इथे नाही. मरणाची कार्डं वाचून फाडली जातात, घरात ठेवत नाहीत. पत्त्यात ‘मद्रास ५’ एवढंच आहे. सहा आकडी पिन कोड यायला अजून तीन वर्षं आहेत. काही निळी इनलँड पत्रं मराठीत आहेत, पण लिपी तमिळ. शाळा तमिळ आणि इंग्रजीतून झाली, देवनागरीशी हाताचा सराव राहिला नाही, म्हणून मनातली मराठी तमिळ अक्षरांत उतरली. क, ख, ग, घ या चौघांना तिथे एकच अक्षर. वाचणाऱ्याला भाषा आधीच येत असेल तरच ते पत्र वाचता येतं. आक्का ते एका दमात वाचतात.

पत्रांच्या मध्ये कागदाच्या छोट्या पट्ट्या दिसतात. त्या मनीऑर्डरच्या. पोंगलला भावाने बहिणीला पैसे पाठवायचे ही इथली रीत, आणि मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी थोडी जागा असते. तेवढ्या जागेत भावांनी वर्ष बसवलंय: ‘बदली सेलमला. मुलगी मॅट्रिक पास. आईचा गुडघा तसाच. पैसे कमी आहेत, राग नको.’ अशी पट्टी वाचून दाखवली की बहीण हसते, पदराने डोळे टिपते आणि पट्टी परत मागून घेते.

आक्का बातम्या नुसत्या वाचत नाहीत, त्या प्रत्येक बातमीला कामाला लावतात. सेलमला बदली झाली ना, मग तिथे आपल्या मामेसासूंचा पुतण्या आहे, त्याला कार्ड टाक. पोरगी हुशार आहे आणि कॉलेजच्या फीची अडचण आहे? मग महाराष्ट्र एज्युकेशन फंडात अर्ज कर. नाव त्या तसं उच्चारतात. संस्था आहे ‘महरट्टा एज्युकेशन फंड’, इथल्याच मराठी माणसांनी गरजू विद्यार्थ्यांसाठी १९१२ साली उभी केलेली. खोलीतले एक अण्णा मान डोलावतात. त्यांचं शिक्षणही असंच पार पडलं. एका घरची अडचण दुसऱ्या घरच्या माणसाच्या कानावर वेळेत पडली, म्हणून पोर शिकलं; या समाजाची निम्मी प्रगती अशा दुपारींनी केली आहे.

मग तंजावरहून आलेल्या पाहुण्यांना गावाकडचं विचारलं जातं आणि खोली गप्प होते. तीन आठवड्यांपूर्वी, २५ डिसेंबरच्या रात्री, त्यांच्या जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली ४४ माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, आग लावून जाळली गेली. पाहुणे हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज उतरतो. खोलीत जमीनदारांशी सोयरीक असलेलेही कुणी आहेत, त्यांना विषय बदललेला हवा आहे. आक्का बदलू देत नाहीत. परवा जे दूध उतू गेलं त्यातला तांदूळ तिकडचाच होता, एवढं त्या बोलतात. सणाला आभार मानायचे तर ज्यांनी चिखलात उभं राहून भात लावला त्यांचं काय झालं, हे ऐकण्याची ताकद घरात असली पाहिजे. फक्त लग्नं आणि नोकऱ्या सांगणाऱ्या घराची बातमी अर्धीच असते.

शेवटचं पत्र हवाई टपालाचं. आक्कांच्या भाच्याचं. तो मद्रासच्या आयआयटीतून इंजिनीयर होऊन अमेरिकेला गेला. १९६५ च्या नव्या कायद्याने तिकडची दारं आशियातल्या माणसांना उघडली, त्या पहिल्या लाटेतला तो. नोव्हेंबरअखेर लिहिलेलं हे पत्र मुद्दाम आजच्या दिवसासाठी राखून ठेवलंय. त्याने लिहिलंय की नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी इथे सगळे आपापल्या घरी जातात, वसतिगृह ओस पडतं. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला जेवायला बोलावलं. टर्की त्याने खाल्ली नाही. बटाटे, मका आणि भोपळ्याचा गोड पदार्थ खाल्ला. जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकाने या वर्षी कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितलं. त्याची पाळी आली तेव्हा त्याने पत्रांबद्दल सांगितलं.

“म्हणजे त्यांचाही पोंगलच की,” आक्का म्हणतात आणि पत्र तारेला टोचतात.

ऊन उतरल्यावर सगळं घर चालत मरीनावर जातं. अर्धं मद्रास तिथे आलंय. कण्णगीचा पुतळा आता वर्षभराचा झालाय, त्याच्यापाशी भेटायचं ठरतं. वाळूत चादर पसरली जाते, कैरी-खोबरं घातलेलं वाटाण्याचं सुंडल येतं. एका टोकाला दोन सूनबाई पाण्याकडे तोंड करून बसल्यात आणि बोलतायत. मायलापूरच्या माजघरातली ती दुसरी वाट इथवर आली आहे. त्यांना बोलू द्या.

पुढची वर्षं झपाझप ओलांडा. १९७५ मध्ये मद्रासला दूरदर्शन येतं आणि सणाच्या दुपारी खोलीतल्या माणसांची तोंडं एकमेकांकडून पडद्याकडे वळतात. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उभे राहतात. रात्री दर उतरले की रांगा लागतात आणि समोरच्या आकड्यांवर डोळा ठेवून माणसं तीन मिनिटांत ख्यालीखुशाली उरकतात. १९९६ मध्ये मद्रासचं चेन्नई होतं. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद होते. आक्का कधीच गेल्या. त्यांची तार आणि तिच्यासोबत पत्त्यांची एक जाड वही, तार धरून बसणाऱ्या त्या नातीकडे आली आहे. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई पाण्याखाली गेली, मोबाइल बंद पडले, तेव्हा त्या वहीचं मोल कळलं. वहीत प्रत्येक नातेवाइकाच्या शेजाऱ्याचाही नंबर होता.

तुमचा शेवटचा मुक्काम: २८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा दिवस उजाडलाय, न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजलेत. ट्रिप्लिकेनचं जुनं घर राहिलं नाही. नात आता त्रेसष्ट वर्षांची आहे आणि मायलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहते. बाहेर पाऊस आहे. बंगालच्या उपसागरात वादळ तयार होतंय. ३० तारखेला ते ‘फेंजल’ नावाने पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकेल आणि चेन्नईचा विमानतळ बंद ठेवावा लागेल. आज मात्र वीज आहे. पडद्यावर चौकटी उघडतात: न्यू जर्सी, डॅलस, बेंगळूरु, पुणे, तंजावर. न्यू जर्सीच्या चौकटीत मधोमध एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसलेत. १९६९ च्या काणुम पोंगलला वाचलेलं ते हवाई पत्र यांनीच लिहिलं होतं. त्यांच्या टेबलाशी नातवंडं आहेत, एक अमेरिकी सून आहे, आणि यंदा घरी जाऊ न शकलेले दोन विद्यार्थीही जेवायला आलेत.

पहिला प्रश्न तिकडून येतो. गल्लीत पाणी साचलंय का?

मग नात वही उघडते. कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात शंभराच्या वर माणसं आहेत, रोज सकाळी फुलांचे फोटो येतात, वाढदिवसाला केकची चित्रं येतात. पण तंजावरच्या चुलत भावाची नोकरी गेली हे ग्रुपवर नव्हतं. डॅलसच्या भाचीने लग्न मोडलं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच तिच्याशी बोललेलं नव्हतं. नात एकेकाला नावाने हाक मारते. “श्रीरंगमच्या वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? कोण होतं सोबत?” “तू गप्प का आज?” त्या शेवटच्या प्रश्नाला डॅलसची चौकट बराच वेळ उत्तर देत नाही. मग देते. पुण्याची मावशी तिला म्हणते, डिसेंबरात इकडे ये, माझ्याकडे राहा. तंजावरच्या भावासाठी बेंगळूरुहून एक फोन नंबर निघतो. १९६९ च्या दुपारी झालं तेच काम इथे तासाभरात होतं, आणि ते यंत्राने केलेलं नाही. विचारणारं माणूस हजर होतं म्हणून झालं.

याच शहरात सौकारपेठेत मराठी माणसांची आणखी एक वस्ती आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याला आलेले गलाई बांधव. त्यांची मराठी वेगळी, येण्याची कारणं वेगळी. दुष्काळी माळरानाने त्यांना बाहेर काढलं. त्यांच्या बातम्या गावच्या यात्रेला आणि दिवाळीला जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांबरोबर फिरतात. तंजावरी राव आणि विट्याचे गलाईवाले एकमेकांना क्वचितच भेटतात. पण दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: परमुलखात घर टिकतं ते एकमेकांची खबर ठेवण्याने.

आता तुम्ही तुमच्या वर्षात परत आलात. मराठी मुलखापासून इतक्या दूर, साडेतीनशे वर्षं, शेजारच्या भाषेचा आणि रीतिभातींचा मनापासून स्वीकार करून ही कुटुंबं एकमेकांना ओळखत राहिली. राज्य गेलं, लिपी गेली, आडनावं गेली. नाती राहिली, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी एकाने ती सांभाळण्याचं काम अंगावर घेतलं. बहुतेक वेळा ती घरातली बाई होती, आणि तिचं नाव कोणत्याही भिंतीवर कोरलेलं नाही. हे काम आपोआप होत नाही. ते आळसाने थांबतं, रुसव्याने थांबतं, आणि ‘ग्रुपवर कळेलच’ या समजुतीने तर फारच सहज थांबतं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. येत्या संक्रांतीला, किंवा तुमच्या घरी माणसं जमण्याचा जो कोणता सण असेल त्या दिवशी, एक वही घ्या. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या शेजारी बसा आणि कोण कुणाचं कोण ते लिहून घ्या. नावं, गावं, नंबर, आणि शेजाऱ्याचाही नंबर. मग ज्याच्याशी वर्षभर बोलणं झालं नाही अशा एका नातेवाइकाला फोन करा आणि त्याला बोलू द्या. तुमच्या घरात हे काम आज कुणी करत नसेल, तर ते तुमचं आहे.